बॅनरवर माझा फोटो बघून त्या साईट सुपरवायझर कोर्सला पैसे भरू नका

परवा भावकीतल्या एका काकांचा फोन आला. म्हणले, "तुझा फोटो बघितला बॅनरवर, हेल्मेट घातलेला, खाली पगार २६,००० लिहिलंय, आमच्या पोराला बी तिथंच टाकावं म्हणतोय." मला दोन मिनिटं काही बोलताच येईना. फोटो माझाच आहे, डावीकडून दुसरा. पगार खोटा आहे. मी आज गावात माझ्या वडलांच्या, आण्णांच्या हाताखाली गवंडीकामच करायलोय आणि माझ्या ४८,५०० रुपयांतला एक रुपया परत आलेला नाही. माझ्या तोंडाकडं बघून अजून कुणी फसू नये म्हणून लिहितोय, नाहीतर हे चारचौघांत सांगायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

मला कुणी अडाणी समजू नका. मी साईटवरच वाढलोय. आण्णा किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ नंतर, तिकडं नवी गावठाणं बांधायला लागली तेव्हा बिगारी म्हणून गेले आणि तिथंच गवंडी झाले. १२ एमएमचा लोखंडी बार मीटरला ८८९ ग्रॅम भरतो, व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की किलोत वजन येतं, हे मला कोर्सच्या आधीपासून पाठ होतं. मला फक्त कागद पाहिजे होता. गवंड्याच्या पोराला सुपरवायझर म्हणून कुणी उभं करत नाही, त्याला डिप्लोमा लागतो, आणि पॉलिटेक्निकला तीन वर्षं घालवायची आमची ऐपत नव्हती. सहा महिन्यांत कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचा डिप्लोमा आणि शंभर टक्के प्लेसमेंट म्हणल्यावर माझ्यासारखा पोरगा जाणारच की. त्यात आपल्याकडं गल्लीगल्लीत क्लास, कुणाला शंका येणार?

पण शंका आली होती, आण्णांना आली होती, आणि हेच मला रात्री झोपू देत नाही. ॲडमिशनच्या आधी लॅब दाखवायला नेलं. कपाटात टोटल स्टेशन, म्हणजे जागेची मोजणी करायचं यंत्र, आणि कपाटाला कुलूप. टेबलावर स्लंप कोन, म्हणजे काँक्रीट किती पातळ ते बघायचं भांडं, आणि काँक्रीटची ताकद तपासायला ठोकळे भरतात ते क्यूबचे सहा साचे, १५० एमएमचे. सर बोलत होते आणि आण्णांनी एका साच्याच्या आतल्या कोपऱ्यात बोट फिरवलं आणि बोट बघितलं. कोरडं, स्वच्छ. ज्यानं क्यूब भरलेत त्याला माहीत आहे, साच्याला आतून तेल लावावं लागतं, कितीही घासलं तरी कोपऱ्यात आणि नटबोल्टच्या आट्यांत सिमेंट अडकून राहतंच. ह्या साच्यांच्या आट्यांवर साधा ओरखडा नव्हता. परत येताना एसटीत आण्णा म्हणले, "आरं, तिथं कुणी एक घमेलं बी माल कालवलेला न्हाई." मी काय म्हणलं? "नवीन आणलं असंल आण्णा, तुम्हाला प्रत्येकात खोटच दिसती." ते गप बसले. मोठ्या ऑफिसात, टायवाल्या सरांपुढं आपल्यालाच काही कळत नसंल असं त्यांना वाटलं, आणि मी त्यांना तसं वाटू दिलं.

पैशाचा हिशोब लिहितो. नोंदणी १,५००. पहिला हप्ता २०,०००, हे आईनं बचत गटातून कर्ज काढून दिले. दुसरा हप्ता १५,०००, सोयाबीन भाव बघत न थांबता विकून. किट म्हणून ३,५००, त्यात हेल्मेट, टेप आणि एक जॅकेट. परीक्षा फी २,५००. आणि शेवटी प्लेसमेंट डिपॉझिट ६,०००, जॉइन झाल्यावर परत मिळणार म्हणून. डिपॉझिट मागितलं की तिथूनच उठून निघायचं, नोकरी देणारा पैसे घेत नसतो. पावत्या मिळाल्या त्या वेगळ्याच एका एंटरप्रायझेसच्या नावानं, "सल्ला शुल्क" असं लिहून. पावतीवर कोर्सचं नाव नसंल तर एक रुपया देऊ नका.

सहा महिन्यांत काय शिकवलं? यूट्यूबचे व्हिडिओ प्रोजेक्टरवर. शिकवणारा पोरगा आधीच्या बॅचचाच होता, त्याला पण नोकरी लागली नव्हती हे नंतर कळलं. साईटवर एकदाच नेलं, हेल्मेट घालून फोटो काढले आणि चहा पाजून परत आणलं. तोच फोटो आता बॅनरवर आहे.

प्लेसमेंट म्हणून आम्हा नऊ जणांना पुण्याला मोशीकडं एका साईटवर पाठवलं. तिथं एक मुकादम उभा. म्हणला हजेरी ६५०, पत्र्याच्या खोलीत राहायचं, सेंट्रिंगला माल द्यायचा. म्हणजे आमच्याकडूनच पैसे घेऊन आम्हाला मजूर म्हणून पाठवलं होतं! तिथल्या इंजिनियर साहेबांना मी सर्टिफिकेट दाखवलं, तर त्यांनी विचारलं यावर बोर्ड कुठलंय. मी आयएसओचा शिक्का दाखवला. त्यांनी नीट समजावून सांगितलं की आयएसओ ९००१ म्हणजे संस्थेचं कामकाज ठरल्या पद्धतीनं चालतं एवढंच, कोर्सच्या मान्यतेशी त्याचा संबंध नाही, आणि खाली छापलेला उद्यम नंबर, म्हणजे लघुउद्योगाच्या नोंदणीचा नंबर, तर ऑनलाइन फुकट निघतो. डिप्लोमा असंल तर एमएसबीटीईचा, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा पाहिजे. कौशल्याचा कोर्स असंल तर तो एनसीव्हीईटीच्या, म्हणजे कौशल्य शिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या परिषदेच्या मान्यतेत बसतो का ते बघा, क्लासवाल्यांनी दिलेल्या लिंकवर नाही, स्वतः साईट उघडून. आणि कुणी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचं नाव सांगून फी मागत असंल तर तिथंच ओळखा, त्या योजनेत पोरांकडून फी घेतच नाहीत.

आता तक्रारीचं ऐका. पोलिसात तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा म्हणले हे दिवाणी प्रकरण आहे, तुम्ही स्वतःच्या मर्जीनं फी भरली, क्लास झाला, सर्टिफिकेट मिळालं, मग फसवणूक कुठली? तिसऱ्यांदा अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर "विश्वास नाही का" म्हणले. कौशल्य विभागाच्या ऑफिसात गेलो तर ती संस्था आमच्याकडं नोंदलेलीच नाही, त्यामुळं आम्ही कारवाई करू शकत नाही. अहो, नोंदलेली नाही हीच तर माझी तक्रार आहे! नोंदलेली असती तर मी कशाला आलो असतो? दिवसभर बसवलं, लेखी द्या म्हणलं तर टेबल बदललं. येण्याजाण्यात आणि झेरॉक्समध्ये १,८०० गेले, मजुरी बुडाली ती वेगळीच. आणि ह्या सगळ्या काळात बॅनर चौकात तसंच, रोज त्याच्या खालून सगळ्यांच्या गाड्या जातात.

शेवटी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला, तिथं निदान तक्रारीचा नंबर तरी मिळाला. आता जिल्हा ग्राहक आयोगात जायचंय, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी लागत नाही. पैसे रोख देऊ नका, मी दुसरा हप्ता रोख दिला आणि आता तेच १५,००० सिद्ध करायला सगळ्यात जड जायलेत.

आमच्या बॅचला ३१ पोरं होती. ११ जणांनी तक्रारीवर सही केलीय, बाकीचे लाजेनं फोन उचलत नाहीत. मला पण लाज वाटती, आईचा गटाचा हप्ता अजून दर महिन्याला जातोय आणि ती कुणाला सांगत नाही. पण तुमच्याकडं तसल्या "सल्ला शुल्क" लिहिलेल्या पावत्या असतील तर फाडू नका. सोमवारी आम्ही परत पोलिसात जाणार आहोत, सकाळी ११ ला, पावतीच्या दोन झेरॉक्स आणि व्हॉट्सॲपचे मेसेज प्रिंट काढून घेऊन या. यावेळी पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.