डेस्कटॉपला टचस्क्रीन मॉनिटर घ्यावा की साधाच?

आधी अंतर बघा. साधा मॉनिटर आपण हातभर लांब, ५० ते ७० सेंटिमीटरवर ठेवतो. डोळ्यांना ते सोयीचं, बोटाला नाही. दर वेळी हात उचलायचा, कोपर अधांतरी ठेवायचं, आणि थोड्याच वेळात खांदा भरून येतो. एचपीने टचस्क्रीनचा एचपी-१५० संगणक १९८३ सालीच विकायला काढला होता. तरी टेबलावरचा माऊस अजून हललेला नाही, आणि माझ्या मते त्यामागे हा खांदाच आहे.

त्यामुळे टच मॉनिटर घेतलाच, तर तो जवळ ओढून, खाली आणून, मागे कलता ठेवता आला पाहिजे. त्यासाठी दुमडणारा, जड स्टँड लागतो. साध्या स्टँडवर बोट टेकलं की अख्खा पडदा डुलतो.

एक्सेल, हिशेब, टायपिंग हेच रोजचं काम असेल तर मी साधा मॉनिटर आणि बरा माऊस एवढंच सुचवेन. बोटाने नेमकं दाबता यावं म्हणून बटण साधारण साडेसात मिलिमीटरचं असावं, असं मायक्रोसॉफ्टचंच मार्गदर्शन आहे. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एक्सेलची ओळ भरते जेमतेम साडेपाच. शिवाय माऊस नुसता वर नेला की उघडणारे मेनू बोटाला कसे उघडणार? २०१२ च्या विंडोज ८ मध्ये सगळं टचसाठी मोठमोठ्या चौकोनांत मांडलं होतं. लोक इतके वैतागले, की विंडोज १० मध्ये स्टार्ट मेनू परत आणावा लागला.

टच खरा कामी येतो तो माऊसची सवय नसलेल्यांना. फोन सराईतपणे चालवणाऱ्या आजोबांना डबल क्लिक जमत नाही, पण फोटो बोटाने सरकवणं लगेच जमतं. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की पडद्यावरच देवनागरी कीबोर्ड येतो. कुठलं अक्षर कुठे आहे ते दिसत असल्याने दोन-चार ओळी लिहायला तो पुरतो. दुकानाच्या काउंटरवर, उभ्या-उभ्या बिल करायलाही टच उत्तम.

ऑनलाइन शिकवणाऱ्यांनी मात्र जपून. ‘पडद्यावर लिहिता येईल’ म्हणून घ्याल, पण बहुतेक स्वस्त टच मॉनिटरना पेनचा दाब कळत नाही आणि टेकलेला तळहातही बोटच वाटतो. गणितं सोडवून दाखवायची असतील तर साधा मॉनिटर आणि वेगळा पेन टॅबलेट, म्हणजे संगणकाला जोडून पेनाने लिहायची पाटी, घ्या. टॅबलेटकडे न बघता लिहायची सवय व्हायला थोडे दिवस जातात, पण अक्षर बरं येतं आणि पैसेही वाचतात. त्याच आकाराच्या टच मॉनिटरला साध्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. वर चकचकीत काच: खिडकीचं प्रतिबिंब आणि बोटांचे ठसे फुकट.

ॲपलचा मॅक असेल तर विषयच संपला, त्याची मॅकओएस प्रणाली मुळात टच मॉनिटर ओळखत नाही. विंडोजवर चित्रासाठी एचडीएमआय आणि स्पर्शासाठी वेगळी यूएसबी वायर लागते. काही मॉडेलना एकच यूएसबी-सी पुरते, पण तुमच्या संगणकाच्या त्या पोर्टमधून चित्र बाहेर येतं का, ते आधी तपासा. दोन मॉनिटर जोडले की कधीकधी एकावर दाबलेलं दुसऱ्यावर उमटतं. तसं झालं तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘टॅबलेट पीसी सेटिंग्ज’मध्ये जाऊन टचचा पडदा कोणता, ते दाखवून द्या.