राष्ट्रीय समर स्मारक, दिल्ली: आपल्या माणसाचं नाव शोधायला जाताय?

इंडिया गेटसमोर फोटो काढून मागे फिरणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, तसंच पुढे चालत जा. इंडिया गेटवर कोरलेली नावं इंग्रजांच्या काळात लढलेल्या सैनिकांची. स्वातंत्र्यानंतर देशासाठी गेलेल्यांची नावं एकत्र कोरलेली जागा दिल्लीत व्हायला २०१९ साल उजाडावं लागलं. जवळपास ४० एकरांचा परिसर आहे आणि प्रवेशाला तिकीट नाही.

आम्ही गेलो ते मावशीसाठी. तिचा मुलगा मराठा लाईट इन्फंट्रीत होता, काश्मीरमध्ये गेला. गावात त्याच्या नावाची कमान आहे, शाळेत फोटो आहे. पण त्याचं नाव दिल्लीत कुठे आणि कसं लावलंय, हे तिला स्वतः बघायचं होतं.

स्मारकाची रचना चार चक्रांची. मधोमध अमर चक्र, तिथे स्तंभ आणि अखंड ज्योत. त्याभोवती वीरता चक्र, मग त्याग चक्र आणि सगळ्यात बाहेर झाडांचं रक्षक चक्र. वीरता चक्रात कांस्याची सहा भित्तिशिल्पं आहेत. तिथे रेझांग ला (१९६२) आणि लोंगेवाला (१९७१) या लढायांबरोबर नौदलाचं ऑपरेशन ट्रायडेंट, म्हणजे कराची बंदरावरचा हल्लाही आहे, हे मला फार आवडलं. एरवी १९७१ चं युद्ध म्हटलं की तो हल्ला आपण पटकन विसरतो.

पण खरं स्मारक म्हणजे त्याग चक्र. गोलाकार भिंती, चक्रव्यूहासारख्या. ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकाच जवानाचं नाव, सोनेरी अक्षरांत. अशी पंचवीस हजारांहून जास्त नावं. अधिकारी असो की शिपाई, वीट सारख्याच मापाची. नाव कुठे आहे ते शोधायला डिजिटल पडदे आहेत. आमची वीट मावशीच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर निघाली. तिने पदराने ती पुसली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "शेजारचा कुठला गं?" मग शेजारच्या चार-पाच जणांची नावं तिने माझ्याकडून वाचून घेतली. नुसता उंच खांब उभारून हे साधलं नसतं. ज्याने कुणी प्रत्येकाला वेगळी वीट द्यायचं ठरवलं, त्याला घरच्यांना काय हवं असतं ते नेमकं कळलं होतं.

खटकलं ते काही पर्यटकांचं वागणं. नावांच्या भिंतीला टेकून, मोठमोठ्याने हसत रील काढणं चाललं होतं. तिथे कुणाची तरी आई उभी असू शकते, एवढं तरी ध्यानात ठेवा.

परम योद्धा स्थळावर परमवीरचक्र विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत. मुलं बरोबर असतील तर रामा राघोबा राणे आणि मुंबईत जन्मलेले अर्देशीर तारापोर यांच्यापाशी थांबून त्यांची गोष्ट सांगा.

उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, दगड तापतो आणि चालणं बरंच आहे. शक्यतो संध्याकाळी जा. त्या वेळी हुतात्म्याच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहिलं जातं. आणि आपल्या माणसाचं नाव शोधायचं असेल तर त्याचा आर्मी नंबर, हुद्दा आणि पलटण घरच्या कागदांवरून आधीच उतरवून न्या, कारण एकसारखी नावं पुष्कळ आहेत.