सिरीयल नंबर तोच, गिटार मात्र ती नाही

माझी १९६३ ची गिब्सन ईएस-३३५ ही इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन विकली गेली, ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून परत आली आणि गिऱ्हाइकाला त्याचे पैसेही पूर्ण परत मिळाले. कागदोपत्री हिशेब चोख. फक्त परत आलेल्या गिटारमध्ये लाकूड सोडून माझं फारसं काही उरलं नव्हतं.

महागडं वाद्य विकायला काढलं की सगळे पेमेंटबद्दल सावध करतात. पैसे जमा झाल्याचा बनावट ईमेल, ठरल्यापेक्षा मोठ्या रकमेचा चेक देऊन ‘वरचे पैसे परत पाठवा’ म्हणणं वगैरे. हे प्रकार चालतातच, पण थोडी माहिती असलेल्याला ते ओळखू येतात. या गिऱ्हाइकाने यातलं काहीच केलं नाही. घासाघीस नाही, घाई नाही, पैसे पूर्ण आणि खरे. वर माणूस जाणकार. पिकअप (तारांचा कंप टिपणारा चुंबकी भाग) उलटा करून खालच्या स्टिकरचा फोटो मिळेल का? वायरिंगचं सोल्डर कधी उघडलंय का? टेलपीस (तारांची टोकं अडकवायची पट्टी) मूळची आहे ना? असं विचारणारा भेटला की विकणाऱ्याला बरंच वाटतं, वाद्य कदर असलेल्या घरी चाललंय म्हणून. तो मात्र सुट्या भागांची यादी करत होता.

या भागांचं मोल बाहेरच्याला चटकन कळत नाही. गिब्सनच्या त्या काळच्या हंबकर (दुहेरी गुंडाळीच्या) पिकअपच्या बुडाला छोटा स्टिकर असतो. आधी ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असा, आणि १९६२ च्या सुमारापासून पेटंट नंबराचा. (गंमत म्हणजे त्यावरचा २,७३७,८४२ हा नंबर पिकअपचा नाहीच, तो गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसच्या पेटंटचा आहे.) असे दोन पिकअप, वजनाला हलकी अॅल्युमिनियमची टेलपीस, जुना ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो भाग) आणि मूळ वायरिंग हे सगळं सुटं विकलं तर एका चांगल्या नव्या गिटारपेक्षा जास्त पैसे येतात. शिवाय सुट्या भागांवर सिरीयल नंबर नसतो.

गिटार पोचल्यावर काही दिवसांनी तक्रार आली: हेडस्टॉकजवळ (खुंट्या असलेल्या टोकाजवळ) चीर आहे, दुरुस्ती लपवली आहे. आरोप हुशारीने निवडलेला होता. गिब्सनचा हेडस्टॉक मागे कललेला असतो आणि तिथेच त्या गिटारी मोडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या लॅकरला पडलेल्या बारीक रेषेचा जवळून फोटो काढला की तीच चीर दिसते. जाहिरातीत ‘परत घेतली जाणार नाही’ असं लिहिलेलं होतं. पण ‘वर्णनाप्रमाणे नाही’ अशी तक्रार झाली की बहुतेक मोठ्या साइटवर त्या ओळीला काही अर्थ उरत नाही.

खोका परत आला. नंबर तोच, बॉडीवरचे ओरखडे तेच, मागचा पट्ट्याच्या बकलचा घासही तोच. कुरियरच्या ट्रॅकिंगवर ‘पोचलं’ अशी नोंद झाली आणि गिऱ्हाइकाचे पैसे आपोआप सुटले. टेलपीसला हात लावताच ती जड लागली. जस्ताची, आजकालची. पिकअप सोडवून पाहिले तर खाली गुळगुळीत पत्रा. पॉटवर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावर) कारखान्याचा आकडा ठोकलेला असतो, १३४ म्हणजे सेंट्रलॅब, १३७ म्हणजे सीटीएस, आणि पुढे वर्ष व आठवडा. या पॉटवर काहीच नव्हतं. ३३५ च्या पाठीला झाकण नसतं, सगळं वायरिंग पुढच्या बाजूच्या एफ-होलमधून (f आकाराच्या छिद्रातून) ओढून काढावं लागतं आणि तसंच आत घालावं लागतं. हे किचकट काम एकही नवा ओरखडा न पाडता झालेलं होतं, म्हणजे करणारा नवशिका नव्हता.

साइटकडे जुने फोटो, नवे फोटो, सगळं पाठवलं. उत्तर आलं की सिरीयल नंबर जुळतो, वस्तू परत मिळाली आहे, प्रकरण बंद. फोटो मी कोणत्याही दिवशी काढलेले असू शकतात, असाही सूर होता. तो मुद्दा चूक आहे असं म्हणता येत नाही, आणि गिऱ्हाइकाने नेमका त्याचाच फायदा घेतला.

म्हणून अशी गिटार (किंवा सॅक्सोफोन, किंवा भारी बो (गज) असलेलं व्हायोलिन, बो बदलायला तर एक मिनिटही लागत नाही) विकायची असेल तर पहिला पर्याय समोरासमोर, एखाद्या वाद्य-कारागिराच्या टेबलावर. त्याने भाग तपासून तारखेसह लिहून दिलेला कागद आपल्या शंभर फोटोंपेक्षा कामाचा. कुरियरशिवाय गत्यंतर नसेल तर भागांवरचे आकडे, स्टिकर आणि सोल्डर जाहिरातीतच दाखवा, म्हणजे ते साइटच्या नोंदीत राहतात. स्क्रूच्या डोक्यावर अतिनील (यूव्ही) दिव्यात चमकणाऱ्या शाईचा ठिपका द्या, आणि तो ठिपका जाहिरातीत दाखवू नका. परत आलेला खोका कुरियरवाल्यासमोर, व्हिडिओ चालू ठेवून उघडा आणि पिकअप तिथेच सोडवा.

गिऱ्हाईक स्वतः येऊन घेऊन जाणार असेल तर कार्ड किंवा पेपाल नको. पार्सलच नसल्यामुळे माल मिळाल्याचा पुरावा उरत नाही आणि ‘मिळालंच नाही’ म्हणत पैसे मागे ओढता येतात. पेपालवर अशी तक्रार १८० दिवसांपर्यंत करता येते.

परदेशी गिऱ्हाइकाने आग्रह धरला तर आणखी एक भानगड. त्या काळच्या गिटारींची फिंगरबोर्ड (बोटं दाबायची पट्टी) बहुधा ब्राझिलियन रोझवूडची असते. हे लाकूड १९९२ पासून साइटिसच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या, सर्वात कडक परिशिष्टात आहे. २०१९ मध्ये इतर रोझवूडच्या तयार वाद्यांना सूट मिळाली, याला नाही. परवान्याशिवाय सीमेवर अडकलेल्या गिटारचे पैसे कोण देणार, हा वाद विकणाऱ्याच्या अंगावर येतो.

माझी गिटार पुढे एका दुकानात, बदललेला प्रत्येक भाग लिहून, बऱ्याच कमी किमतीला गेली. पिकअपची जोडी कुठेतरी सुटी विकायला येईल. साठच्या दशकातली अशी जोडी कुणी दिली तर ती कोणत्या गिटारमधून निघाली आणि ती गिटार आता कुठे आहे, एवढं आधी विचारा.