पाटी ‘जीएममुक्त’ची, पुड्यात तेल सरकीचे

गंगापूर रोडवरील एका सेंद्रिय धान्याच्या दुकानातून गेले आठ महिने आमच्या घरचा निम्मा किराणा येतो आहे. दुकानाचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे जी तक्रार करणार आहे ती नाशिकमधील अशा बऱ्याच दुकानांना लागू पडेल, आणि मालक माणूस म्हणून सालस आहेत. मालाविषयी आधी लिहिते, कारण दुकानाची खरी ताकद तिथे आहे.

पेठ आणि सुरगाण्याकडून येणारी नागली हा तेथील सर्वांत चांगला माल. पिशवीवर दळल्याची तारीख हाताने लिहिलेली असते, पिठाला जुनाट वास नसतो आणि उकड नीट काढली तर भाकरी थापताना कडेला चिरत नाही. वरईही स्वच्छ, खडा क्वचित. लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल महाग आहे, पण बाटलीच्या तळाशी बसणारा गाळ आणि फोडणी टाकताच सुटणारा वास पाहता ते खरे असावे, असे मला वाटते. इंद्रायणी तांदूळ ठीक. इगतपुरीच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून आम्हाला त्याहून बरा मिळतो. पावसाळ्यात एकदा ज्वारीत टोके निघाले, तेव्हा पावती न मागता त्यांनी पाच किलो ज्वारी बदलून दिली.

आता पाटीविषयी. ‘आमच्याकडील प्रत्येक पदार्थ जीएममुक्त’, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या (जीएम) पिकांपासून मुक्त, असे हिरव्या अक्षरांत दारावर लिहिले आहे आणि टोमॅटो, कांदा, गहू, पपई, द्राक्षे अशा सर्वांवर त्याच अर्थाची गोल चिठ्ठी डकवलेली आहे. टोमॅटोचा भाव बाहेरच्या दुप्पट. आपल्या देशात व्यापारी लागवडीसाठी परवानगी मिळालेले जनुकीय बदलाचे पीक आजतागायत एकच आहे, ते म्हणजे 2002 मध्ये आलेला बीटी कापूस. बीटी वांग्याला जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने ऑक्टोबर 2009 मध्ये हिरवा कंदील दाखवला होता, परंतु 9 फेब्रुवारी 2010 रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्यावर स्थगिती आणली. तेच वांगे बांगलादेशातील शेतकरी 2014 पासून पिकवत आहेत. दिल्ली विद्यापीठात तयार झालेल्या डीएमएच-11 या जीएम मोहरीला 2022 मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली, पण 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे त्यावर एकमत झाले नाही. तेव्हा आपल्याकडील कांद्यावर ‘जीएममुक्त’ अशी चिठ्ठी लावणे म्हणजे केळ्यांच्या फणीवर ‘यात हाडे नाहीत’ असे लिहिण्यासारखे आहे. विधान खरे, पण त्याचे वेगळे पैसे कशासाठी?

मालकांना मी हे विचारले. ते म्हणाले, “अहो ताई, हायब्रीड म्हणजे जीएमच की! बी नसलेली द्राक्षे काय आपोआप येतात?” हा गैरसमज शिकल्यासवरल्या घरांतही ऐकू येतो, म्हणून त्यावर थोडे थांबते. संकरित वाण म्हणजे एकाच पिकाच्या दोन जातींचा परागसंकर. त्याचे बी पुढच्या वर्षी तसेच उतरत नाही, म्हणून दरवर्षी विकत घ्यावे लागते, हा भाग शेतकऱ्याच्या दृष्टीने तक्रारीचा असू शकतो. जीएम पिकात मात्र प्रयोगशाळेत एखादे जनुक बाहेरून आणून बसवलेले असते; बीटी कापसात ते बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचे असते आणि त्यापासून बनणारे प्रथिन बोंडअळीच्या आतड्यावर घाव घालते. थॉमसन सीडलेस द्राक्षे यांपैकी कशातच बसत नाहीत. बी न भरण्याचा गुण वेलीत निसर्गतःच आलेला असून काड्यांनी कलमे करून तो माणसाने टिकवला आहे. मण्यांचा आकार वाढतो तो जिबरेलिक आम्ल (जीए) या वाढीच्या संप्रेरकाच्या द्रावणात घड बुडवल्याने. दिंडोरी-निफाडकडे त्याला सरळ ‘जीएचे डिपिंग’ म्हणतात, आणि त्या जीएचा या जीएमशी काडीचाही संबंध नाही. नावाचा घोळ बहुधा तिथूनच सुरू होत असावा.

ज्या एका ठिकाणी ती चिठ्ठी खरोखर तपासून लावायला हवी होती, तिथे दुकान नेमके घसरले. गल्ल्याशेजारी तिखट चिवडा आणि शेव यांचे पुडे टांगलेले असतात आणि त्यांवरही तीच गोल चिठ्ठी आहे. पुडा उलटून घटक वाचले, तर बारीक अक्षरांत ‘सरकीचे तेल’ छापलेले. देशातील कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी वाण आहे. सरकी म्हणजे कापसाचेच बी, तेव्हा सरकीचे तेल म्हटले की ते बहुतेक करून बीटी कापसाचेच असणार. मला ते तेल विषारी वाटत नाही. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, आणि बाजारात मंजूर होऊन आलेल्या जीएम पदार्थांपासून आरोग्याला धोका असण्याची शक्यता दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. परंतु ज्या ग्राहकाला ते तत्त्व म्हणून नको आहे आणि जो त्यासाठीच दुप्पट भाव मोजतो, त्याची ही सरळ फसवणूक आहे, मग ती अजाणतेपणी का असेना. तुपाचेही तेच: गाईंना सरकीची पेंड घालतात का, या प्रश्नाचे उत्तर मालकांकडे नव्हते.

माझी स्वतःची काळजी वेगळी आहे, आणि नाशिकमध्ये राहणाऱ्या कोणालाही ती समजेल. माझ्या भावाची दिंडोरी तालुक्यात बाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने फवारणीचा ब्लोअर दिवसाआड फिरतो. 2010 च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडल्याने आपली निर्यातीची द्राक्षे युरोपात अडकली होती आणि तो घाव येथील बागायतदार अजून विसरलेले नाहीत. त्यानंतर निर्यातीच्या बागांवर अंश तपासणी कडक झाली, पण नाशिकच्या बाजारात उतरणाऱ्या घडाची तशी चौकशी कोणी करत नाही. ताटातल्या घासाविषयी भीतीच बाळगायची, तर ती फवारणीच्या अंशाची बाळगावी. या दुकानातील द्राक्षांच्या पेटीवर शेवटची फवारणी केव्हा झाली, कोणत्या औषधाची झाली, अंश तपासणीचा अहवाल आहे का, याविषयी एक अक्षर नव्हते, फक्त ‘जीएममुक्त’.

प्रमाणपत्रांच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. नागली आणि तांदळाच्या पिशव्यांवर जैविक भारत हे सेंद्रिय मालाचे सरकारी चिन्ह आणि पीजीएसचा क्रमांक आहे. म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांच्या शेताची पाहणी करून दिलेली हमी. ज्या मालावर हे आहे त्याला निराळ्या ‘जीएममुक्त’ चिठ्ठीची गरजच नाही, कारण सेंद्रिय प्रमाणीकरणात जनुकीय बदलाचे बियाणे मुळातच चालत नाही. भाजीपाल्यावर आणि फळांवर मात्र असे काहीच नाही. छोट्या शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकल्यास कायदा प्रमाणपत्रातून सूट देतो हे खरे, पण येथे मधे दुकान आहे, आणि माल कोणत्या गावाहून येतो एवढे विचारले तरी उत्तर “आपल्याच भागातला” असे मोघम मिळते.

गेल्या महिन्यात मी पुडा घेऊन मालकांना ते घटक दाखवले. ते ओशाळले, आणि कांदा-टोमॅटोवरील चिठ्ठ्या काढतो म्हणाले. त्या निघाल्या, दारावरची पाटी तशीच आहे. चिवडा आता शेंगदाणा तेलात करून घेण्याचा विचार आहे म्हणतात, तो झाला तर घेऊन पाहीन.

तोवर आमच्याकडे तेथून नागली, वरई आणि तेल येत राहील, भाजी आणि द्राक्षे नाहीत. घाण्याचे तेल शनिवारी ताजे येते आणि दुपारपर्यंत बहुधा संपते, तेव्हा सकाळी जावे. स्वतःची स्टीलची बरणी नेल्यास बाटलीचे पैसे वजा करतात.