रबाळ्यातून घेतलेला चार इंची डिटोनेशन अरेस्टर: दीड वर्षाच्या वापरानंतर

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या आमच्या लहानशा कारखान्यात रिॲक्टरमधून निघणारी टोल्यूइन या ज्वलनशील सॉल्व्हंटची वाफ चार इंची व्हेंट लाइनने थर्मल ऑक्सिडायझरकडे, म्हणजे वाफ जाळून टाकणाऱ्या भट्टीकडे जाते. तिथली ज्योत उलटी लाइनमध्ये शिरू नये म्हणून दीड वर्षापूर्वी रबाळे एमआयडीसीतील एका पुरवठादाराकडून आम्ही अरेस्टर, म्हणजे लाइनमध्ये बसणारा ज्योतरोधक घेतला. वस्तू उत्तम आहे. ती विकण्याची रीत मात्र तशी नाही.

पहिल्या कोटेशनमध्ये त्यांनी साधा डिफ्लॅग्रेशन अरेस्टर (ध्वनीपेक्षा मंद धावणारी ज्योत अडवणारा) सुचवला होता आणि तो बराच स्वस्त असल्यामुळे आमच्या खरेदी विभागाला लगेच पसंतही पडला होता. लाइनची लांबी त्यांच्या प्रतिनिधीने विचारलीच नाही. ज्वलनशील वायू-वाफांच्या वर्गीकरणात टोल्यूइन ज्या आयआयए गटात मोडते त्या गटासाठी असा अरेस्टर, ज्योतरोधकांच्या आयएसओ 16852 या मानकानुसार, ठिणगीच्या संभाव्य जागेपासून पाइपच्या व्यासाच्या 50 पटींच्या आत, म्हणजे आमच्याकडे सुमारे पाच मीटरांच्या आत हवा. आमचे अंतर 22 मीटर, शिवाय वाटेत तीन बेंड. एवढ्या वाटेत ज्योत वेग घेत जाते, बेंडपाशी उठणारी खळबळ तिला आणखी चेतवते आणि अखेर आघातलहर व ज्वलन एकमेकांना जखडले जातात: लहर वायूला दाबून पेटवते आणि पेटलेला वायू लहरीला पुढे रेटतो. प्रोपेन-हवेच्या मिश्रणात ही जोडी, म्हणजेच डिटोनेशन, सेकंदाला सुमारे 1,800 मीटर धावते आणि दाब मूळच्या 18 पटींच्या आसपास पोहोचतो.

“साहेब, चार इंची पाइपात डिटोनेशन टिकतच नाही,” असे प्रतिनिधीने ठामपणे सांगितले. ते खरे नाही. या लहरीची आघाडी सपाट नसते. काजळी धरलेल्या पत्र्यावर ती माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उमटवते आणि खवल्याची रुंदी साधारण पाइपच्या परिघाएवढी होईपर्यंत लहर गोल पाइपात कशीबशी तग धरते. आयआयए गटाचा चाचणी-वायू असलेल्या प्रोपेनच्या हवेबरोबरच्या नेमक्या मिश्रणात ही रुंदी पाचेक सेंटीमीटर भरते, तर आमच्या पाइपचा परिघ 30 सेंटीमीटरहून जास्त आहे. मिश्रण विरळ झाले की खवले मोठे होतात हे खरे, पण त्या भरवशावर लाइन चालवता येत नाही. ज्योतीचे डिटोनेशनमध्ये रूपांतर होते त्या क्षणी दाब स्थिरावलेल्या लहरीपेक्षाही बराच वर जातो, म्हणून आम्ही या अवस्थेच्या, म्हणजे अस्थिर डिटोनेशनच्या चाचणीचे प्रमाणपत्र मागितले. ते यायला तीन आठवडे लागले.

अरेस्टरबद्दल तक्रार नाही. सपाट व नागमोडी स्टेनलेस पट्ट्या एकत्र गुंडाळून केलेली चकती उजेडाकडे धरली की बारीक त्रिकोणी छिद्रांची जाळी एकसारखी दिसते. कुठेही पट्टी दबलेली नव्हती. पावसाळ्यापूर्वीच्या शटडाऊनमध्ये फिटरने ती उघडली तेव्हा छिद्रांत चिकट थर होता, पण सॉल्व्हंटमध्ये रात्रभर ठेवल्यावर तो सुटला. मात्र चकती दोघांनी उचलावी इतकी जड असूनही तिला धरायला कडी नाही, आणि ड्रेन प्लग बाजूला असल्याने तळाशी साचलेले द्रव पूर्ण निघत नाही.

यंदा दुसऱ्या लाइनसाठी विचारणा केली तेव्हा त्यांच्या फॉर्मवर लांबीचा रकाना आलेला होता. बेंडची संख्या आम्हीच समासात लिहून पाठवली.