नवा राजवाडा की ब्रह्मपुरी?

कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन झालं, तांबडा-पांढरा झाला, की पाव्हण्यांच्या हातात अर्धा दिवस उरतो. "जुनं काहीतरी दाखवा," म्हणतात. माझ्यापुढं तेव्हा दोन वाटा असतात. एक नवा राजवाडा. दुसरी म्हणजे सीपीआर दवाखान्यासमोरच्या टाऊन हॉलमधलं संग्रहालय आणि तिथून पंचगंगेकाठची ब्रह्मपुरीची टेकडी. दोन्हीकडं मी पुष्कळदा गेलोय.

पहिल्यांदाच येणाऱ्याला राजवाडा चुकवा असं मी म्हणणार नाही. काळ्या दगडातली ती वास्तू आणि मधला घड्याळाचा मनोरा लांबूनच मन भरून टाकतात. १८७७ ते १८८४ अशी सात वर्षं बांधकाम चाललं. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवछत्रपतींचं चरित्र आहे. लहान पोरं बरोबर असतील तर आवारातली हरणं आणि तळंही आहे.

पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आत्याला घेऊन गेलो होतो. तिला त्या काचांवरचे प्रसंग एकेक करून, क्रमानं बघायचे होते. दुसऱ्या काचेशी पोचतोय तोवर मागून आवाज आला, "सरका की पुढं." सरकलो. ती मान वळवून मागं बघत राहिली आणि रांग आम्हाला पुढं नेत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "बघितलं रे, पण बघून झालं नाही." माझ्यापुरता निकाल तिथंच लागला. आडवारी सकाळी गेलात तर कदाचित तुम्हाला हा त्रास होणारही नाही.

दुसऱ्या दिवशी तिला टाऊन हॉलला नेलं. हीही १८७२ ते ७६ मधली देखणी इमारत, पण इथं आपण थांबू शकतो. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती इथं आहे. ग्रीकांचा हा समुद्रदेव, रोमन लोक त्याला नेपच्यून म्हणत; मूर्ती वीतभरसुद्धा उंच नाही. १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी त्या टेकडीवर उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळातली विटांची घरं उजेडात आली. म्हणजे पंचगंगेकाठी राहणाऱ्या माणसांच्या गावात घाट ओलांडून रोमचा माल पोचत होता. आत्याचा नातू त्या मूर्तीपुढं पाऊण तास उभा. "समुद्र एवढा लांब, मग हा इथं कसा आला?" त्याला बंदरं, घाटवाटा, व्यापाऱ्यांचे तांडे असं सगळं सांगायला मला निवांत वेळ मिळाला.

ब्रह्मपुरीवर आज उघडं असं फारसं दिसत नाही, हे आधीच सांगतो. वर वस्ती आहे, खाली नदी. म्हणून आधी संग्रहालय बघा, मग टेकडी. उलटं केलंत तर नुसता चढ वाटेल.

शाहू महाराजांवर जीव असेल तर तिसरी वाट कसबा बावड्याची. २६ जून १८७४ ला महाराज जिथं जन्मले, तो लक्ष्मी विलास पॅलेस तिथं आहे. पण त्याला वेगळा दिवस द्या.

एकच दुपार असेल आणि बरोबर प्रश्न विचारणारं माणूस असेल, तर मी बहुधा टाऊन हॉलकडंच वळेन. तिथून रिक्षानं पंचगंगेवर उतरलो, तेव्हा आत्या घाटाच्या पायरीवर बसली आणि नातवानं टेकडीकडं बोट दाखवून विचारलं, "आजी, त्यांची घरं तिथं होती?"