बाराव्या अंड्याचं ऑम्लेट

जानेवारीत आमची चितकबरी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. खुराड्याचा कोपरा सोडेना. हात नेला की पिसं फुलवून कुरकुरायची, चोच मारायची. पोटाखाली हात घातला तर नुसती भट्टी. अशी कोंबडी आयती मिळालेली असताना तिला पाण्यात बुडवून खुडूक मोडायची, हे काही मनाला पटेना.

अडचण एवढीच की घरात कोंबडा नव्हता. धाकट्या दिरांच्या साखरपुड्याला, डिसेंबरच्या सुरुवातीला, तो पाहुण्यांच्या ताटात गेला होता. कोंबडा गेल्यावरही आठ-दहा दिवस फलित अंडी मिळतात. पण आम्हाला महिना उलटून गेला होता.

अशात व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली. कडकनाथची शंभर टक्के फलित अंडी, ५० रुपये नग. फोटोत एका निळ्या पिंपापुढे दाणे टिपणाऱ्या काळ्याकुट्ट कोंबड्या. २०१९ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात कडकनाथच्या नावावर हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, तेव्हा ‘लोक फसतात तरी कसे?’ असं म्हणणारी मीच. म्हणून फोन केल्यावर मुद्दाम खडा टाकला, “दादा, अंडी काळीच असतात ना?”

तो हसला. “ताई, काळी अंडी दाखवणारा चोर समजा. कडकनाथचं मांस काळं, हाडं काळी, पण अंडं फिकट तपकिरीच.”

हे अगदी खरं आहे, आणि तिथंच मी फसले. माणूस जाणकार आहे, म्हणजे प्रामाणिकच असणार, असं मी गृहीत धरलं. बारा अंड्यांचे ६०० आणि पार्सलचे ८० असे ६८० रुपये मोबाइलवरून पाठवले. ‘वाटेत फुटली तर सात दिवसांच्या आत बदलून देऊ’ ही त्याची हमी मला फार मोठी वाटली होती.

अंडी भुशातून नीट आली. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, एक उचलून उजेडात फिरवलं. “अगं, ही सगळी एका साच्यातली दिसत्यात. कोंबड्या काय मापं घेऊन घालत्यात व्हय?” मी म्हटलं, “आत्या, फार्मवर निवडून पाठवतात.” वजनकाट्यावर एकेक ५८-६० ग्रॅम भरलं. कडकनाथचं अंडं लहान असतं, ५० ग्रॅमच्या आतबाहेर. हे मला माहीत होतं. पण काट्यावरचा आकडा बघूनही बघितला नाही. पैसे दिल्यावर माणसाला असं होतं.

प्रवासातून आलेली अंडी निमुळतं टोक खाली करून दिवसभर तशीच ठेवली. अंधार पडल्यावर कोंबडीखाली सरकवली. आत्या अंडी कायम विषम ठेवतात, म्हणून अकरा. बाराव्याचं सकाळी पोराला ऑम्लेट करून दिलं.

त्या बाराव्याबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो. फलित अंडं फोडलं की बलकावर तीन-चार मिलिमीटरचं फिकट गोल कडं दिसतं, मधोमध ठिपका. अफलित अंड्यावर नुसता बारीक, वेडावाकडा पांढरा डाग. पुरावा वाटीत माझ्यासमोर होता आणि मी चमच्यानं तो फेटून टाकला.

सातव्या रात्री मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात अंडी धरली. एव्हाना कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसायला हव्यात. आत नुसती बलकाची पिवळट सावली हलत होती. फोन केला. “ताई, तपकिरी कवचातून लवकर दिसत नाही. चौदाव्या दिवशी बघा.” हेही अर्धं खरंच. चौदाव्या दिवशी म्हणाला, ढगाळ हवा आहे. सतराव्या दिवशी म्हणाला, तुमची कोंबडी नीट बसत नसेल.

हे मात्र मला सोसलं नाही. ती कोंबडी दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटांसाठी उठायची. दोन दाणे टिपायची, पाणी प्यायची, शिटून परत. उरोस्थी हाताला लागायला लागली होती. आत्या म्हणाल्या, “माणूस खोटं बोलंल, कोंबडी खोटं बसत न्हाई.”

एकविसावा दिवस गेला. टोच नाही, चिवचिव नाही. चोविसाव्या दिवशी परड्यात खड्डा काढून अंडी एकेक फोडली. बलक पातळ झालेला, एकाला जरासा वास. पण शीर नाही, रक्ताचं कडं नाही. अकराच्या अकरा कोरी. वाटेत हादरे बसून गर्भ मरतो, थंडीनं मरतो, कोंबडी गार पडली तरी मरतो. पण काही दिवस वाढून मेलेला गर्भ खूण ठेवून जातो. इथं गर्भ कधी नव्हताच. ही लेअर फार्मची, म्हणजे नुसत्या खायच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या फार्मची तपकिरी अंडी होती, जिथं कोंबडा नावालाही नसतो.

फोटो पाठवले. दोन निळ्या टिका आल्या, मग नंबर बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

त्याचा खरा माल अंडी नव्हतीच, मुदत होती. फुटण्याची हमी सातव्या दिवशी संपते आणि बॅटरीची पहिली तपासणीही सातव्याच दिवशी. पुढचे दोन आठवडे आशेवर निघतात, आणि तेवढ्यात त्याची आणखी दहा-वीस पार्सलं जातात. म्हणून घेणारच असाल तर दोन अंडी जास्तीची मागवा आणि आल्या दिवशी फोडून बघा. दोन्ही कोरी निघाली तर त्याच क्षणी फोन करा. शक्यतो मात्र ज्याच्या उकिरड्यावर कोंबडा आरवताना ऐकलाय, त्याच्याकडूनच घ्या.

चितकबरीला रिकाम्या पोटी उठवणं आत्यांना बघवेना. शेजारच्या वस्तीवर नुकतीच पिल्लं निघाली होती, त्यातली चार मागून आणली. रात्री अंधारात तिच्या पंखाखाली घातली. सकाळी क्लक-क्लक करत ती त्यांना परड्यात उकरायला शिकवत होती.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर तेच निळं पिंप दिसलं. नंबर नवा. पिंपापुढे या वेळी बदकं, आणि खाली लिहिलेलं, ‘शंभर टक्के फलित अंडी’. बदकाच्या अंड्याला २८ दिवस लागतात.